वाचक विचारतात : मंडळाचा सामूहिक ईमेल

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांचे मेल वाढतात आणि त्याबरोबर कुरबुरीही. इंदूरच्या वाचकांकडून या विषयावर आलेले काही प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. प्रश्नकर्त्यांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

आमच्या मंडळाचे ३४० सभासद आहेत. सूचना पाठवताना मी सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात टाकते. काहींनी त्याला हरकत घेतली. शिवाय प्रत्येक सूचनेवर दहा-वीस जणांचे ‘ठीक आहे’ सगळ्यांना जाते. पत्ते ‘बीसीसी’त टाकले तर भागेल का?
– मंडळाच्या सचिव, राजेंद्रनगर

हरकत रास्त आहे. ‘टू’ किंवा ‘सीसी’त टाकलेला प्रत्येक पत्ता प्रत्येकाला दिसतो आणि त्याच्या मेलपेटीत कायम राहतो. पुढे एखाद्या सभासदाचे खाते कुणी बळकावले, तर ३४० जणांची तयार यादी त्याच्या हाती पडते. म्हणून आजपासूनच ‘टू’मध्ये मंडळाचा स्वतःचा पत्ता आणि बाकी सगळे ‘बीसीसी’त, असे करा. कुणी ‘रिप्लाय ऑल’ दाबले तरी उत्तर फक्त मंडळाकडे येईल, कारण ‘बीसीसी’तले पत्ते मेलबरोबर पुढे जातच नाहीत.

एखाद्या कार्यक्रमाच्या निमंत्रणापुरते एवढे पुरते. वर्षभराच्या कामाला मात्र ‘बीसीसी’ अपुरी पडते. यादी तुमच्या एकटीच्या खात्यात राहते, त्यामुळे सचिव बदलले की नव्या माणसाला सगळे पत्ते पुन्हा जमवावे लागतात. नाव काढायचे असेल तर सभासदाला तुम्हाला विनंती करावी लागते आणि ती तुमच्या लक्षात राहावी लागते. नव्याने आलेल्याला मागच्या सूचना पाहता येत नाहीत. शिवाय जीमेलच्या साध्या खात्यातून एका मेलमध्ये ५०० हून अधिक पत्ते घातले, किंवा दिवसात ५०० हून अधिक मेल गेले, तर पाठवणे अडते आणि १ ते २४ तास अडलेलेच राहते. उत्सवाच्या आदल्या दिवशी हे परवडणारे नाही.

त्यापेक्षा गट तयार करा, म्हणजे सगळ्यांसाठी मिळून एकच पत्ता : त्यावर पाठवलेला मेल सर्व सभासदांना जातो. गूगल ग्रुप्समध्ये तो फुकट होतो. मंडळाच्या नावाच्या खात्यातून (कुणाच्या खासगी खात्यातून नको) ‘क्रिएट ग्रुप’ दाबा, नाव आणि पत्ता द्या. पुढच्या पडद्यावर विचारलेले प्रश्न घाईने ओलांडू नका, सगळे तिथेच ठरते. सभासद कोण होऊ शकेल : फक्त निमंत्रित. सभासदांची यादी कोण पाहू शकेल : फक्त व्यवस्थापक. जुने मेल कोण वाचू शकेल : फक्त सभासद. हे सर्वांसाठी खुले ठेवले तर मंडळाचा हिशेब आणि वर्गणीच्या चर्चा कुणालाही वाचता येतील. कोण लिहू शकेल, हा मात्र खरा विचार करण्याचा प्रश्न आहे. आमचे मत असे की दोन गट करावेत. सूचनांच्या गटात सगळे सभासद, लिहिणारे फक्त पदाधिकारी. चर्चेच्या गटात ज्यांना हौस आहे तेच. एकाच गटावर दोन्ही कामे लादली की सूचना चर्चेत बुडतात, आणि कंटाळून माणसे सूचनाही उघडेनाशी होतात.

सभासदांना परस्पर न जोडता निमंत्रण पाठवा. थोडे कमी लोक येतील, पण येतील ते स्वेच्छेने. न विचारता जोडलेला माणूस बाहेर पडायची वाट शोधत बसत नाही, ‘स्पॅम’चे बटण दाबतो. असे बरेच जणांनी केले की तुमची सूचना इतरांच्याही स्पॅमपेटीत जाऊ लागते. व्यवस्थापक दोघे-तिघे ठेवा. एकाचा फोन हरवला तर गट अनाथ होऊ नये.

चर्चेच्या गटावर एका सभासदाने वर्गणीबद्दल लिहिले. मी त्यांना खासगीत उत्तर देत आहे असे समजून दोन तिखट वाक्ये लिहिली, ती सगळ्यांना गेली. मेल परत घेता येतो का?
– एक सभासद, लोकमान्यनगर

जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ आहे, पण तो मेल परत बोलावत नाही. पाठवण्याआधी थोडा वेळ थांबवून धरतो, इतकेच. हा अवधी ५, १०, २० किंवा ३० सेकंद असतो. सेटिंग्जमध्ये जाऊन तो आजच ३० करा. अवधी संपला की मेल प्रत्येकाच्या पेटीत पोचलेला असतो. गटाच्या संकेतस्थळावरून व्यवस्थापक तो काढू शकतात, सभासदांच्या पेट्यांतून नाही.

आता एकच मेल लिहा, तोही ज्यांना दुखावले त्यांना, खासगीत. गटावर माफी मागायची असेल तर एका ओळीत. लांबलचक खुलासा केला की ज्यांनी पहिला मेल वाचलाच नव्हता तेही शोधून वाचतात.

दोष मात्र तुमच्या एकट्याचा नाही. प्रत्येक मेलच्या वरच्या, सहसा न दिसणाऱ्या तपशिलांत ‘रिप्लाय-टू’ नावाची एक ओळ असू शकते. ‘रिप्लाय’ दाबल्यावर उत्तर कुठे जायचे ते ती ठरवते. गटाच्या सेटिंग्जमध्ये, ईमेलच्या पर्यायांत, उत्तरे गटाकडे जावीत, फक्त लेखकाकडे जावीत की उत्तर देणाऱ्याने ठरवावे, हे निवडता येते. तुमच्या गटावर ते ‘गटाकडे’ असणार. या निवडीवर जगभरच्या गटांत बरीच वर्षे वाद चालू आहे. उत्तर गटाकडे गेले की चर्चा सर्वांसमोर राहते, एकाला मिळालेली माहिती सगळ्यांना मिळते, हे खरे आहे. पण चूक झाली तर काय होते, याचा हिशेब करून पाहा. उत्तर लेखकाकडेच जाण्याची सोय असेल आणि तुम्हाला ते गटावर हवे असेल, तर आणखी एकदा पाठवले की काम झाले. उलट सोयीत खासगी गोष्ट सर्वांना गेली तर ती कशानेही परत येत नाही. ज्या गटात शेजारी, नातेवाईक आणि व्याही एकत्र आहेत तिथे आम्ही निःसंकोच ‘लेखकाकडे’ हाच पर्याय सुचवू. व्यवस्थापकांना हे सांगा, आणि बदल केल्यावर तो गटावर जाहीर करायला लावा, नाहीतर निम्मी उत्तरे हरवल्याच्या तक्रारी येतील.

तोवर एक सवय लावून घ्या : मजकूर लिहून झाल्यावर, पाठवण्याआधी, ‘टू’चा रकाना वाचायचा. इंटरनेटवरच्या शिष्टाचारांचा एक जुना दस्तऐवज आहे, ‘आरएफसी १८५५’, ऑक्टोबर १९९५ चा. रागाच्या भरात लिहिलेले उत्तर रात्रभर थांबवून मग पाठवावे, आणि दोघांचा वाद दोघांनी खासगी मेलवर मिटवावा, असे त्यात सुचवले आहे. तीस वर्षांत त्यात काही बदलण्याची गरज पडलेली नाही.

मुलाकडे बंगळुरूला आले आहे. रोजचे मेल नकोत, पण गटही सोडायचा नाही. ‘मला काढा’ असे गटावर लिहिले तर कुणी दाद देत नाही.
– ज्येष्ठ सभासद, मूळ रामबाग

गटावर लिहिलेले ‘मला काढा’ सगळे सभासद वाचतात. ज्याने काढायचे ते यंत्र मात्र वाचत नाही. १९८६ साली एरिक थॉमस यांनी ‘लिस्टसर्व’ हा मेलच्या याद्या सांभाळणारा संगणकी प्रोग्राम लिहिला, तेव्हापासून नाव घालणे-काढणे यंत्राकडे सोपवलेले आहे. गटाशी बोलण्याचा पत्ता एक आणि यंत्राला आज्ञा देण्याचा दुसरा.

तुम्हाला सोडायचे नसल्याने ‘डायजेस्ट’ निवडा. ग्रुप्सच्या संकेतस्थळावर आपल्या गटात ‘माय मेंबरशिप सेटिंग्ज’ उघडले की चार पर्याय दिसतात : प्रत्येक मेल, डायजेस्ट (२५ पर्यंत पूर्ण मेल एका मेलमध्ये), संक्षेप (१५० पर्यंत मेलचा सारांश) आणि मेल अजिबात नको. शेवटच्या पर्यायात सभासदत्व राहते, वाटेल तेव्हा संकेतस्थळावर जाऊन वाचता येते. डायजेस्टला उत्तर देताना एक काळजी घ्या. विषयाच्या ओळीत यंत्राने घातलेले शीर्षक असते, ते पुसून मूळ विषय लिहा आणि खालचे इतर मेल काढून टाका. नाहीतर तुमच्या दोन ओळींबरोबर पंचवीस मेल पुन्हा सगळ्यांकडे जातात.

पुढे कधी सोडायचे झाले तर प्रत्येक मेलच्या तळाशी सूचना असते. किंवा गटाच्या पत्त्यात, ‘ॲट’च्या चिन्हाआधी, गटाच्या नावाला जोडून अधिकचे चिन्ह आणि रोमन अक्षरांत ‘अनसबस्क्राइब’ असे लिहून कोरा मेल पाठवा. तो ज्या पत्त्याने सभासद झालात त्याच पत्त्यावरून गेला पाहिजे. ‘किती वेळा काढले तरी मेल येतातच’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते : जुन्या पत्त्यावरचे मेल नव्या पत्त्यावर वळवलेले असतात आणि माणूस नव्या पत्त्यावरून आज्ञा देत राहतो.

एका ज्येष्ठ सभासदांच्या निधनाची बातमी गटावर आली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे साठ-सत्तर मेल आले. त्यांत दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची वेळ बदलल्याची सूचना हरवली. हे थांबवायला सांगणे माणुसकीला धरून होईल का?
– कार्यकारिणी सदस्य, सुदामानगर

दुःखाच्या वेळी कुणाला गप्प बसवू नये. पण ती श्रद्धांजली कुणापर्यंत पोचते तेही पाहायला हवे. घरच्यांपैकी बहुतेक जण गटावर नसतात. असले तरी त्या दिवसांत त्यांना मेलपेटी उघडण्याचे भान नसते. म्हणजे सत्तर जणांनी लिहिलेले सांत्वन ज्यांच्यासाठी लिहिले त्यांनाच मिळत नाही.

म्हणून बातमी देणाऱ्यानेच मेलमध्ये तीन गोष्टी लिहाव्यात : अंत्ययात्रेची वेळ व ठिकाण, भेटायला जाण्याबद्दल घरच्यांची इच्छा, आणि शोकसंदेश कुठे पाठवायचे तो पत्ता. घरच्यांना विचारूनच तो द्यावा. व्यवस्थापकांनी त्या विषयावरची उत्तरे बंद करावीत आणि आलेले संदेश एकत्र छापून तेराव्यानंतर घरी नेऊन द्यावेत. कागदावरचे ते संदेश घरात जपून राहतात. अभिनंदनाच्या मेलांनाही हाच नियम लावा : बक्षीस मिळवणाऱ्या मुलीला थेट लिहा, ती वाचेल.

बैठकीची सूचना हरवण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. कुणीतरी श्रद्धांजलीच्याच मेलला ‘रिप्लाय’ देऊन सूचना लिहिली असणार. नवा विषय नेहमी नव्या मेलने सुरू करावा. जुन्या मेलला उत्तर देऊन फक्त विषयाची ओळ बदलणे पुरत नाही. मेलच्या आत जुन्या मेलचा क्रमांक लपलेला राहतो आणि मेल दाखवणारे अनेक प्रोग्राम तो मेल जुन्या मालिकेखालीच लावतात. विषयाची ओळही बोलकी हवी. ‘महत्त्वाचे’ किंवा ‘सूचना’ यातून काही कळत नाही. ‘बैठक रविवारी ५ ऐवजी ६ला, स्थळ तेच’ इतके लिहिले तर मेल न उघडताच काम होते.

मी पाठवलेला मराठी मजकूर काहींना इंग्रजी अक्षरांचा गोंधळ म्हणून दिसतो. फोटोंचा मेल तर परतच आला.
– अहवाल लिहिणारे, टिळकनगर

मजकूर कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असणार. या फॉन्टांत आतली अक्षरे रोमनच असतात, फक्त त्यांच्यावर देवनागरी चित्रे बसवलेली असतात. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही त्याला आतले रोमन दिसते. फोनवर तर हमखास. युनिकोडमध्ये, म्हणजे आतली अक्षरेही देवनागरीच असतात अशा पद्धतीत, टंकलेखन करा. जुना मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या परिवर्तकातून काढा आणि जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच होतात. ते जमत नसेल तर पीडीएफ करून जोडा, पण तारीख-वेळ-स्थळ मेलमध्ये युनिकोडमध्ये लिहाच. नुसत्या चित्रातली निमंत्रणपत्रिका नंतर शोधता येत नाही, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामांवर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन सभासदांना ती कोरीच असते.

फोटोंचे म्हणाल तर जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. फाइल मेलमधून जाताना तिच्या दर ३ बाइटांचे ४ होतात, म्हणून प्रत्यक्षात १८ एमबीच्या आतच राहावे. गटावर मात्र तेवढेही नको. ५ एमबीचा मेल ३४० पेट्यांत मिळून १७०० एमबी जागा खातो, आणि जीमेलची फुकट जागा गूगल ड्राइव्ह व गूगल फोटो धरून १५ जीबीच आहे. ज्यांची पेटी भरली त्यांच्याकडून मेल परत येतात. फोटो ड्राइव्हवर ठेवून दुवा द्या. पाहण्याची परवानगी ‘दुवा असलेल्या कुणालाही’ अशी दिली तर तो दुवा पुढे कुठेही जाऊ शकतो, म्हणून लहान मुलांचे फोटो त्यात टाकण्याआधी पालकांना विचारा.

गटावरच्या एका सभासदाच्या नावाने ‘अडचणीत आहे, पैसे पाठवा’ असा मेल आला. काय करावे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर देऊ नका, दुवा उघडू नका. नावावर टिचकी मारून खरा पत्ता पाहा. नाव कुणालाही कुणाचेही लावता येते. त्या सभासदाला फोन करा, तोही आधीपासून तुमच्याकडे असलेल्या क्रमांकावर. पत्ता त्यांचाच निघाला तर खाते दुसऱ्याच्या हाती गेले आहे. त्यांनी दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावा, सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करावे, आणि मेल परस्पर कुठे वळवण्याचा नियम कुणी घालून ठेवला आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहावे. पासवर्ड बदलूनही हा नियम तसाच राहतो. दरम्यान व्यवस्थापकांनी तो पत्ता गटावरून तात्पुरता काढावा आणि एका ओळीत सगळ्यांना कळवावे. कुणी पैसे पाठवले असतील तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.