हरणीचं विमान आणि अडीच लाखांची फी

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित चांगलं आहे. वायुदलाचं पहिलं मोठं वाहतूक विमान बडोद्यात उतरलं, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. कधी म्हणते उडवीन, कधी म्हणते बनवीन. एका खासगी संस्थेत विमान देखभालीचा कोर्स आहे. पहिल्या वर्षाची फी अडीच लाख, आणि इथल्या हरणीतल्या टाटांच्या विमान कारखान्यात नोकरी पक्की, असं ते सांगतात. महिनाअखेर पैसे भरायचे आहेत. भरू का? ता. क. गेल्या वर्षी तिला लांबचं दिसण्यासाठी पाऊण नंबरचा चष्मा लागला. त्यानं काही अडतं का?
– एक वडील, दांडिया बाजार, बडोदा

नमस्कार.

पैसे या महिन्यात भरू नका. आणि जे तुम्ही ताजा कलम म्हणून शेवटी लिहिलंत, ते पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं.

एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, वायुदलाच्या फ्लाइंग शाखेत जायचं तर लांबचा नंबर, अगदी पाऊणसुद्धा, चालत नाही. लेसरनं नंबर काढून टाकू, असं कुणी सुचवलं तर थांबा. विशीच्या आत केलेली ही शस्त्रक्रिया वायुदल मान्य करत नाही, म्हणजे आज घाई केलीत तर पुढचा मार्गही बंद व्हायचा. पदवीनंतर वायुदलाच्या एएफकॅट या प्रवेशपरीक्षेतून फ्लाइंग शाखेसाठी 20 ते 24 या वयात अर्ज करता येतो. तोवर नंबर स्थिरावला, तर तेव्हा वायुदलाचे वैद्यकीय निकष समोर ठेवून नेत्रतज्ज्ञांशी बोला. उंचीही आताच मोजा. वैमानिकासाठी किमान 162.5 सेंटिमीटर लागते, आणि पायांची लांबी वेगळी पाहतात. पुष्कळ घरांत दोन वर्षं क्लास लावून झाल्यावर या गोष्टी कळतात.

मुलगी आहे म्हणून मात्र काही अडत नाही. वाहतूक विमानं आणि हेलिकॉप्टरं बायका 1990च्या दशकापासून उडवताहेत. एनडीएचे दरवाजे 2022 मध्ये मुलींना उघडले, आणि त्या पहिल्या तुकडीतल्या 17 जणी मे 2025 मध्ये बाहेर पडल्या. तिथं तांत्रिक शाखाही आहे, आणि त्या शाखेला चष्म्याची मर्यादा बरीच सैल आहे. मुलींच्या जागा थोड्या असतात, हे खरं. पण लेखी परीक्षेला मुलींना फी नाही, आणि गणिताची तयारी तशीही वाया जात नाही. तेव्हा फॉर्म जरूर भरा.

आता विमानाबद्दल, कारण फीची जाहिरात त्याच्याच जोरावर चाललीय. सप्टेंबर 2023 मध्ये इथं उतरलं ते सी-295. ते मध्यम आकाराचं विमान आहे, 71 जवान नेणारं, जुन्या अ‍ॅव्रो विमानांच्या जागी आलेलं. मोठं म्हणावं असं आयएल-76 वायुदलाकडे 1985 पासून आहे आणि सत्तर टनांहून जास्त ओझं उचलणारं सी-17 हे 2013 पासून. बडोद्याचा पहिलेपणा वेगळाच आहे. लष्करी विमान खासगी कंपनीनं देशात अख्खं बांधायचं, हे इथं पहिल्यांदा ठरलं. 2021 च्या कराराप्रमाणे 56 विमानांपैकी 16 स्पेनहून तयार यायची आणि 40 इथं बांधायची. त्यासाठीच्या टाटांच्या या कारखान्याचं उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झालं.

आता हे त्या कोर्सशी ताडून पाहा. विमान देखभाल अभियंत्याचा परवाना डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, देतं आणि तो नागरी विमानांसाठी असतो. इंडिगोचं किंवा अलायन्स एअरचं विमान उड्डाणायोग्य आहे, अशी सही करायला तो लागतो. वायुदलाची विमानं त्या व्यवस्थेत येतच नाहीत, आणि कारखान्यात विमान जोडायला तो परवाना कुणी मागत नाही. कोर्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. सी-295 चं पीडब्ल्यू-127 इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातली इंजिनं प्रवासी एटीआर-72 ला असतात, तेव्हा विद्या अगदीच परकी नाही. पण परवाना मिळतो तो डीजीसीएच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, दोन्ही झाल्यावर. नुसतं संस्थेचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगायच्या कामाचं. संस्थेला मान्यता आहे का, आणि बी-1 म्हणजे यांत्रिक की बी-2 म्हणजे एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), कशाची आहे, हे डीजीसीएच्या यादीत स्वतः पाहा. 'नोकरी पक्की' हे वाक्य त्यांच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून मागा. बहुतेक ते विषय बदलतील.

कारखान्याला माणसं लागतात ती निराळी: पत्रे आणि रिव्हेटिंगची फिटर मंडळी, वायरिंगच्या जुड्या बांधणारे, सीलंट भरणारे, भेगा शोधणारे तपासनीस, भाग जागेवर धरून ठेवणारी जिग-फिक्श्चर बनवणारे, क्वालिटीवाले. आणि सगळं हरणीतच होत नाही. या विमानांचे 13,400 सुटे भाग देशात बनवायचं ठरलंय. त्यातले कितीतरी लहानमोठ्या कारखान्यांतून येणार, म्हणजे काम एकाच फाटकाच्या आत शोधायचं नाही. यातल्या पुष्कळ कामांना आयटीआय किंवा डिप्लोमा पुरतो.

तुमच्या मुलीचं गणित चांगलं आहे, तर तिनं पदवीच करावी. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स, आपल्या कलाभवनातलं, म्हणजे म. स. विद्यापीठाच्या इंजिनीअरिंग शाखेतलं. एरोनॉटिकलचाच हट्ट नको. मेकॅनिकलचा पदवीधर विमानाकडे जाऊ शकतो आणि विमानाचा धंदा मंदावला तर दुसरीकडेही. विमानाचंच शिकायचं तर लालबागेच्या गतिशक्ती विश्वविद्यालयात एव्हिएशन इंजिनीअरिंग आहे. त्यांचा सी-295 बनवणाऱ्या एअरबसशी करार आहे, प्रवेश जेईई मेनवर होतो. पुढं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी एएफकॅटच्या तांत्रिक शाखेलाही चालते, आणि तिथं वयाची अट 26 पर्यंत आहे. तेव्हा गुजकेट, म्हणजे गुजरातची प्रवेशपरीक्षा, आणि जेईई दोन्ही द्या, शाखा निकालानंतर ठरवा.

उडवीन की बनवीन, हे तिला आज विचारून हैराण करू नका. आधी डोळ्यांचा आणि उंचीचा कागद हातात येऊ दे, मग तिच्यासमोर बसून बोला. आणि संस्थेनं जागा अडवायला काही रक्कम आधीच घेतली असेल, तर ती परत मिळण्याच्या अटी बहुधा पावतीच्या मागच्या बाजूला छापलेल्या असतील. त्या वाचून मला कळवा.