चालेल की आवडेल?

"टीव्ही बघून हिच्या डोक्यात नको ते शिरले आहे, तुम्ही जरा समजावून सांगा," अशी विनंती घेऊन अपंग मुलामुलींचे पालक येतात, तेव्हा आता मला आश्चर्य वाटत नाही. कुणाला मालिकेतल्या लग्नाची धास्ती वाटते, तर कुणाला मोबाइलवर दिसणाऱ्या परदेशी कार्यक्रमाची. मुळाशी काळजी मात्र एकच असते, की जे मिळणारच नाही त्याची आस लागली तर पोर मोडून पडेल. गोव्यात फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही काळजी घेऊन आलेल्या एका आईची आणि तिच्या मुलीची हकिगत मी येथे सांगणार आहे. मुलीला मी वैदेही म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि तिने हा मजकूर वाचून संमती दिली आहे. सरकारी कागदांवर 'दिव्यांग' लिहितात हे मला ठाऊक आहे, परंतु वैदेही स्वतःला अपंग म्हणते आणि दुसरा शब्द वापरला की भुवई उंचावते, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

आई पहिल्या वेळी एकटीच आली. भर पावसाचे दिवस होते. छत्री दाराबाहेर ठेवून तिने पदराआडून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली आणि त्यातला कागद माझ्यापुढे ठेवला. तो वैदेहीचा बायोडाटा होता. वय 28, शिक्षण बी.कॉम., नोकरी कर सल्लागाराच्या कार्यालयात, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), कुबड्यांच्या आधाराने चालते, बोलणे थोडे सावकाश. सगळ्यात खाली 'अपेक्षा' असा रकाना होता आणि त्यापुढे आईने स्वच्छ अक्षरात लिहिले होते: 'काही नाही'.

सांग्याकडून एक स्थळ आले होते. गृहस्थ त्रेचाळीस वर्षांचे, पहिली पत्नी वारलेली, घर बरे. "त्यांची काहीच अट नाही हो मॅडम," आई दोनदा म्हणाली. वैदेहीने मात्र नकार दिला आणि कारण विचारल्यावर, मोबाइलवरच्या कार्यक्रमात अपंग माणसे आपल्याला आवडलेल्या माणसाला भेटायला जातात, मग मी का नाही, असे उत्तर दिले. तेव्हापासून घरात टीव्ही आणि मोबाइल यांना शिव्या बसत होत्या.

पुढच्या आठवड्यात वैदेही आली. खुर्चीवर बसून कुबड्या भिंतीला नीट टेकवीपर्यंत ती कुणाला मदत करू देत नाही, हे मी पहिल्याच भेटीत शिकले. आणखी एक गोष्ट शिकायची होती, ती माझ्या चुकीतून शिकले. बोलणे सुरू व्हावे म्हणून मी सहज विचारले, "तुला कसा मुलगा चालेल?" ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या संथ बोलण्यात म्हणाली, "मॅडम, चालेल की आवडेल? माझ्या बहिणीला सगळे 'आवडेल' विचारत होते." मी इतकी वर्षे हे काम करते आहे आणि अपंग मुलींना मी कोणते क्रियापद वापरते याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

त्यानंतर मी तिला एक काम दिले. घरी आजीबरोबर ती रोज संध्याकाळी जी मालिका पाहते, त्यात तेव्हा अपंग नायिकेचे कथानक चालू होते. ते आठवडाभर पाहावे आणि दिसेल ते लिहून आणावे, इतकेच मी सांगितले होते. ती काहीतरी टिपणे आणील असे मला वाटले. तिने कार्यालयातल्या जमाखर्चाच्या वहीचे पान फाडून आणले. डाव्या बाजूला तिने 'ती काय म्हणाली' असे लिहिले होते आणि उजव्या बाजूला 'तिच्याबद्दल काय म्हटले गेले'. उजवी बाजू खालपर्यंत भरली होती: सासूने केलेला धिक्कार, दिराचा टोमणा, नवऱ्याच्या मित्राने केलेले कौतुक, देवळातल्या भटजींनी दिलेला आशीर्वाद, 'केवढे मोठे मन आहे तुझे' हे नवऱ्याला उद्देशून तीन वेळा. डाव्या बाजूला सहा दिवसांत मिळून दोनच वाक्ये होती. एक, 'माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास.' दुसरे, 'पाणी आणू का?'

हिशेब तपासणाऱ्या मुलीने काढलेला हा ताळेबंद होता आणि त्यात मला घालण्यासारखे फारसे काही नव्हते. आपल्या मालिकांत अपंगत्व बहुधा तीन वाटांनी येते: खलनायिकेला मिळालेली शिक्षा म्हणून, अपघातात सापडलेल्या नायकावर काही भागांपुरते आलेले आणि नायिकेच्या नवसाने फिटणारे संकट म्हणून, किंवा एखाद्या उदार पुरुषाच्या उदारपणाची कसोटी म्हणून. या तिन्हींत प्रेम आहे, परंतु ते ज्याच्यावर केले जाते त्या माणसाची निवड कुठेच नाही. प्रेम मिळाले यातच त्याने कृतार्थ व्हायचे असते. सांग्याचे गृहस्थ आणि त्या मालिकेतला नवरा यांच्यातले साम्य वैदेहीनेच दाखवले. भेटायला आलेले ते गृहस्थ तासभर तिच्या पप्पांशी बोलले, 'मला सेवा करायची आवड आहे' असे म्हणाले, आणि जाताना तिला विचारलेला एकमेव प्रश्न 'दुखते का?' हा होता.

आता परदेशी कार्यक्रमांविषयी. पालक सगळा दोष त्यांच्या माथी मारतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ब्रिटनमध्ये 2012 साली चॅनेल 4 या वाहिनीवर 'द अनडेटेबल्स' नावाची मालिका सुरू झाली. ज्यांच्याशी कुणी जोडी जमवण्याचा विचारही करणार नाही असे लोक, असा त्या नावाचा अर्थ होतो. सुरुवातीच्या चित्रात मदनाचा बाण येऊन त्या शब्दातला नकारार्थी उपसर्ग उडवून टाकतो, म्हणजे नाव उपरोधाने घेतले आहे असे निर्मात्यांचे म्हणणे असावे. पण रस्त्यावरच्या फलकावर बाण दिसत नाही, शब्द दिसतो, आणि तिथल्या अनेक अपंग लोकांनी तेव्हा नेमका हाच आक्षेप घेतला होता. ऑस्ट्रेलियात 2019 साली आलेला 'लव्ह ऑन द स्पेक्ट्रम' हा स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) तरुणांविषयीचा कार्यक्रम पुढे नेटफ्लिक्सवर जगभर पाहिला गेला आणि 2022 मध्ये त्याची अमेरिकी आवृत्तीही निघाली. वैदेही पाहत होती तो हाच.

त्याचा एक भाग आम्ही दोघींनी एकत्र पाहिला. प्रथम नेहमीसारखा, आणि मग त्यातलाच एक प्रसंग आवाज बंद करून. आवाज होता तेव्हा एक तरुण खाद्यपदार्थांची यादी हातात धरून गोंधळलेला आणि गमतीदार दिसत होता. आवाज गेला, तेव्हा पहिल्या भेटीत कुणीही जितके घाबरेल तितकेच घाबरलेला एक माणूस दिसला. गंमत त्याच्यात नव्हती, मागे वाजणाऱ्या टुणटुण संगीतात होती. वैदेहीने तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला आणि मग बराच वेळ ती काही बोलली नाही. स्वमग्न व्यक्तीची गाठ बहुतेक वेळा स्वमग्न व्यक्तीशीच घालून दिली जाते, जणू बाकीच्या जगाशी त्यांचा संबंध येणारच नाही, हाही आक्षेप या कार्यक्रमावर घेतला गेला आहे आणि मला तो रास्त वाटतो. तरीही न्यायाने हे सांगितले पाहिजे की, त्यात ती माणसे स्वतः बोलतात, भरपूर बोलतात, आणि 'मला ही व्यक्ती पुन्हा भेटायला नको आहे' असेही बिनदिक्कत म्हणतात. वैदेहीच्या वहीची डावी बाजू तिथे भरली असती. ती कार्यक्रम बंद का करू शकत नव्हती, याचे उत्तर मला तिथे मिळाले.

आपल्याकडे हे कुणाला सुचलेच नाही असे नाही. सई परांजपे यांच्या 1980 सालच्या 'स्पर्श' या चित्रपटात अंध मुलांच्या शाळेचे अंध प्राचार्य ठरलेले लग्न मोडतात, कारण समोरची स्त्री आपल्याशी त्यागाच्या भावनेने लग्न करते आहे अशी शंका त्यांच्या मनात घर करते. शंका खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. अपंग माणसाला नकार देण्याचा हक्क आहे हे तिथे गृहीत धरलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 रोजी अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना, चित्रपट आणि दृश्यमाध्यमांनी अपंगांना साचेबद्ध रूपात दाखवू नये, त्यांच्याविषयी काही घडवताना त्यांना सामील करून घ्यावे, आणि अपंगांना हिणवणारा विनोद व अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद यांत फरक करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. संध्याकाळच्या मालिकांपर्यंत ते पोहोचायला वेळ लागेल.

यानंतर आईवडिलांना मी एकत्र बोलावले. टीव्ही बंद करा असे मी सांगेन या अपेक्षेने ते आले होते. मी त्यांना वहीचे ते पान दाखवले, वैदेहीच्या परवानगीने. पप्पा पुष्कळ वेळ ते पान हातात धरून होते. मग त्यांनी मनातली गोष्ट काढली: वैदेहीच्या वाट्याला येणारी जागा बघून कुणी गळ टाकला तर? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा लागू आहे आणि लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते. तो करार लग्नाआधीच करावा लागतो, नंतर नाही. म्हणून वकिलाकडे जायचे तर वेळेवर जा, आणि वैदेहीला बरोबर घेऊन जा, ती तुमच्यापेक्षा हिशेब चांगला जाणते, एवढेच मी सांगितले. पप्पा पहिल्यांदा हसले.

आईचा प्रश्न वेगळा होता आणि तो तिने पप्पा गाडी काढायला गेल्यावर हळू आवाजात विचारला. मुले झाली तर त्यांनाही असेच होईल का? सेरेब्रल पाल्सी ही जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे येते, ती सहसा आनुवंशिक नसते, मेंदूची ती इजा वयाबरोबर वाढत जात नाही, आणि मातृत्वाबद्दलचा प्रश्न वैदेहीने स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारावा, असे मी सांगितले. अठ्ठावीस वर्षांत हे आईला कुणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर ऐकण्याच्या मनःस्थितीत ती नसावी. तिने डोळे पुसले नाहीत, फक्त छत्री या हातातून त्या हातात घेतली.

आणखी एक गोष्ट मी दोघांच्याही कानावर घातली होती. गोव्यात लग्नाची नोंद करताना मुलाने आणि मुलीने सिव्हिल रजिस्ट्रारसमोर स्वतः हजर राहून इच्छा नोंदवायची असते आणि ठरावीक मुदतीनंतर पुन्हा येऊन तीच इच्छा कायम असल्याचे सांगून सही करायची असते. म्हणजे कायदा वैदेहीला दोनदा विचारणार होता. घरात अजून एकदाही विचारले गेले नव्हते.

इथपर्यंत गोष्ट सोपी होती. पुढे वैदेहीने मला न विचारता एक पाऊल उचलले, आणि ते योग्यच झाले. पणजीत जानेवारी 2023 पासून भरणाऱ्या पर्पल फेस्ट या अपंगांच्या महोत्सवात तिची डिचोलीकडच्या एका अल्पदृष्टी असलेल्या तरुणाशी ओळख झाली होती आणि कित्येक महिने दोघांचे मोबाइलवर बोलणे चालू होते. बहुतेक नाटकांविषयी, कारण जत्रेतल्या नाटकांचे वेड दोघांनाही सारखेच. एका शनिवारी ती कदंब बसने एकटी पणजीला गेली, चहा पिता पिता तिने त्याला सरळ विचारले आणि त्याने सरळ सांगितले की, त्याला ती मैत्रीण म्हणून फार प्रिय आहे, पण त्याचे मन दुसरीकडे गुंतले आहे.

आईचा फोन त्याच रात्री आला. "मी म्हटले होते ना मॅडम? बघा आता, जेवत नाही." त्या आठवड्यात वैदेही माझ्यासमोर रडली, आणि मी तिला रडू दिले, जिद्द, हिंमत, आयुष्य मोठे आहे, यांतले एकही वाक्य मी उच्चारले नाही, कारण मालिकेत नकारानंतर लगेच तीच वाक्ये येतात आणि मागे सनई नाही तर सारंगी वाजते. मग नाक पुसून ती म्हणाली, "एक मात्र आहे मॅडम. नकार त्याने मला दिला. पप्पांना नाही." तिच्या कुबड्यांमुळे नाही, तर दुसऱ्या मुलीमुळे मिळालेला तो नकार होता. तिच्या धाकट्या बहिणीला कॉलेजात असताना मिळाला होता तसाच, आणि दुखतही तितकेच होते. आईला हे समजावण्याची गरज पडली नाही. रात्री अंथरुणाशी येऊन तिने वैदेहीला विचारले म्हणे, "तुला तो खूप आवडायचा गो?"

वैदेहीला बरे वाटायला तीन-चार आठवडे लागले. सांग्याच्या गृहस्थांना पप्पांनी स्वतः फोन करून नाही म्हणून कळवले.

नंतरच्या भेटीत आई आणि मुलगी दोघी आल्या, त्या भांडतच. नवा बायोडाटा टाइप करून झाला होता. 'अपेक्षा' या रकान्यात वैदेहीने लिहिले होते: माझ्याकडे बघून माझ्याशी बोलणारा, जत्रेतले नाटक पहाटेपर्यंत जागून बघणारा, मासे खाणारा. पहिल्या दोन गोष्टींना आईची हरकत नव्हती. "पण मासे बायोडाट्यात कोण लिहिते, मॅडम? लोक काय म्हणतील?" ती मला विचारत होती, आणि वैदेही, कुबड्या भिंतीला टेकवता टेकवता, शाकाहारी माणसाच्या घरात आपण सोमवारसारखे सातही दिवस काढणार नाही, असे सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून तिला सांगत होती.