इंग्रज अभ्यासक डॅनियल जोन्स वकिली सोडून ध्वनिशास्त्राकडे, म्हणजे बोलण्यातल्या उच्चारांच्या अभ्यासाकडे, कसे वळले?

खरं तर वकिली त्यांनी कधी केलीच नाही. केंब्रिजला गणित शिकले, १९०७ साली बॅरिस्टर झाले, पण पॅरिसमध्ये फ्रेंच ध्वनितज्ज्ञ पॉल पासी यांच्याकडे शिकलेल्या ध्वनिशास्त्राने त्यांना पुरतं धरून ठेवलं होतं. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवू लागले, १९२१ ला प्राध्यापक झाले, १९४९ ला निवृत्त.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम मानस्वरांचं, म्हणजे स्वर मोजायला ठरवलेल्या प्रमाण स्वरांचं. जीभ जमेल तितकी पुढे-वर नेली की पहिला स्वर, जमेल तितकी मागे-खाली नेली की पाचवा. बाकीचे कानाला सारख्या अंतरावर वाटतील असे. असे आठ ठरले की कुठल्याही भाषेतला स्वर त्यांच्याशी ताडून पाहता येतो. जिभेची नेमकी जागा कळावी म्हणून तिच्यावर शिशाची बारीक साखळी ठेवून क्ष-किरण छायाचित्रंही काढली.

१९१७ च्या इंग्रजी उच्चारकोशामुळे नाव घरोघरी पोचलं. मला मात्र दक्षिण आफ्रिकी लेखक सोल प्लाटजे यांच्याबरोबरचं १९१६ चं सेत्स्वाना या तिथल्या भाषेचं वाचनपुस्तक जास्त मोलाचं वाटतं. ती भाषा मुळीच न येणाऱ्या इंग्रज बायकांनी जोन्स यांच्या वर्गात फळ्यावर उच्चारचिन्हांत लिहिलेली वाक्यं अस्सल उच्चारात वाचली, हे खुद्द प्लाटजे यांनी नोंदवून ठेवलंय.