शाळेला आलेला पैसा मागे पडलेल्या मुलापर्यंत

जिल्हा परिषद शाळांची अनुदानं आणि देणग्या यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या वाडीवरच्या शाळेचा पट ४२ आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून एकत्रित शाळा अनुदान येतं. यंदा त्यातून रंगकाम करावं असं मुख्याध्यापकांचं मत आहे. अभ्यासात मागे असलेल्या मुलांसाठी हा पैसा वापरता येतो का?
– शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा

येतो, ताई, आणि वापरायलाच हवा. ३१ ते १०० पटाच्या शाळेसाठी वर्षाला २५,००० रुपयांचा निकष आहे. पट ३० किंवा त्याखाली असेल तर १०,०००, आणि १०१ ते २५० असेल तर ५०,०००. यातले किमान १० टक्के, म्हणजे तुमच्याकडे २,५०० रुपये, स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. मुलींच्या संडासाला आतून कडी नसेल तर पहिला खर्च तोच करा. कडी नसली की मुली दिवसभर पाणी प्यायचं टाळतात. त्यानंतर साबण, फिनेल, नळाच्या तोट्या. मग वीजबिल. पूर्ण रक्कम एकदम हाती येईल असं धरू नका; कामांचा क्रम आधी लावून ठेवा.

रंगकामाचा ठराव करण्याआधी दोन दिवस काढा आणि प्रत्येक मुलाचं वाचन एकेकटं ऐका. माणशी पाच मिनिटं पुरतात. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे चार टप्पे ठेवा आणि मूल कुठे अडतं ते नावापुढे लिहा. सगळा वर्ग एका सुरात धडा म्हणतो तेव्हा अडणारं मूल त्यात लपून जातं. शब्दांच्या टप्प्यावरच्या मुलासमोर ‘पावसाळ्यात’ हा शब्द ठेवून बघा. ते ‘पावसा’पर्यंत नीट येतं, ‘ळ्या’पाशी थबकतं आणि चित्राकडे बघून पुढचं अंदाजाने सांगतं. अशा मुलाच्या हातात चौथीचं पुस्तक देऊन काय उपयोग? त्याला मोठ्या अक्षरांची, पानावर दोन-तीन ओळींची पुस्तकं लागतात. एकेका पुस्तकाच्या तीन-चार प्रती घ्या, म्हणजे एका टप्प्यावरची मुलं जोडीने वाचतील. सोबत जोडाक्षरांची कार्डं हवीतच. ती शाळेत पुठ्ठ्यावर करता येतात.

खरी अडचण खरेदीनंतर येते. पुस्तकं साठा नोंदवहीत चढतात आणि हरवली तर भरपाई कोण देणार या धास्तीने कपाटात बंद होतात. म्हणून खरेदीच्याच सभेत इतिवृत्तात लिहून घ्या, की पुस्तकं मुलांच्या हाती राहतील आणि वाचून फाटलेल्यांच्या निर्लेखनाची, म्हणजे ती साठ्यातून कमी करण्याची, शिफारस समिती वर्षअखेरीस करेल. अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणं हे शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ ने समितीला दिलेलं काम आहे. समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांनाही प्रमाणात जागा हवी. तेव्हा खर्चाचा तपशील सभेत वाचून दाखवायला सांगताना संकोच करू नका.

प्रश्न : माजी विद्यार्थी मिळून शाळेला ५०,००० रुपये देणार आहोत. मोठा टीव्ही घ्यावा का?

आमचं मत स्पष्ट आहे : आधी माणूस घ्या. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाची मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांत २००१ ते २००३ या काळात काटेकोर तपासणी झाली. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्या संशोधकांत होते. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना शाळेच्या वेळेतले दोन तास वेगळं बसवून शिकवायची. गुण वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा तळाच्या मुलांना झाला. वडोदऱ्यात संगणकावरच्या गणिताच्या खेळांनीही गुण वाढले होते. पण खर्चाच्या मानाने बालसखी कितीतरी स्वस्त पडली.

अशा ताईला महिना ४,५०० रुपये मानधन धरलं तर दहा महिन्यांचे ४५,००० होतात, उरलेल्या ५,००० मध्ये साहित्य बसतं. वेळ शाळेच्या आतलीच ठेवा. शाळा सुटल्यावर ज्या मुलांना धाकटं भावंड सांभाळायचं असतं किंवा शेरडं चारायची असतात, तीच मुलं जादा तासाला येऊ शकत नाहीत. काम, तास आणि मुलांची नावं लेखी द्या. नाहीतर ताईला ऑनलाइन माहिती भरायला बसवतात किंवा रजेवरच्या शिक्षकांचा वर्ग देतात, आणि मुलं होती तिथेच राहतात. दर सहा आठवड्यांनी वाचन पुन्हा ऐका. पुढे गेलेलं मूल वर्गात परत, त्याच्या जागी दुसरं.

प्रश्न : गणवेश नेहमी घट्ट किंवा ढगळ येतात. काय करावं?
– पालक, पहिली व तिसरी

सरकारकडून गणवेशाच्या दोन जोडांचे ६०० म्हणजे एका जोडाला ३०० रुपये. त्यात दुरुस्तीला वाव नसतो, म्हणून माप आधीच बरोबर हवं. ‘तिसरीची साइज’ असं माप नसतं. एकाच वर्गात मुलांच्या उंचीत चांगला वीतभर फरक सापडतो. एप्रिलअखेर प्रत्येक मुलाची उंची, छाती, कंबर मोजून यादी करा. शिंप्याला खाली दोन इंच दुमड ठेवायला सांगा. कापड आटणारं असेल तर बेतण्याआधी भिजवून वाळवून घ्या.

प्रश्न : निम्मे पालक ऊसतोडीला जातात, मुलंही जातात. हंगामी वसतिगृहाचा पैसा कसा मिळवायचा आणि कसा वापरायचा?
– शिक्षक, बीड जिल्हा

गुरुजी, इथे सगळं तारखांवर अवलंबून आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या हलतात. मंजुरी त्यानंतर आली तर मुलं आधीच फडात पोचलेली असतात. म्हणून गणपतीच्या आसपास घरोघर जाऊन यादी करा : कोण जाणार, कुठल्या कारखान्याकडे, मूल मागे ठेवलं तर आजी, चुलती यांपैकी कोणाकडे राहील. सांभाळणाऱ्या नातेवाइकाची आणि आईवडिलांची, दोघांचीही संमती घ्या. नाव वसतिगृह असलं तरी मूल नातेवाइकाकडेच झोपतं. सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहातून, दुपारचं शाळेत.

बहुतेक वेळा आजीला सांभाळायचं असतं, पण आणखी दोन तोंडांना खाऊ घालण्याची ऐपत नसते. म्हणून जेवण पहिल्या दिवसापासून सुरू व्हायला हवं. आठवडाभर उशीर झाला तरी आजी मुलाला निघालेल्या ट्रॅक्टरवर बसवून देते. स्वयंपाकाचं काम गावातल्या बचत गटाला द्या आणि हजेरी दोन्ही वेळच्या ताटांवर घ्या, एकदाच सही करून नको.

तरीही जी मुलं जातील त्यांना निघण्याआधी शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे तिथल्या शाळेत शिक्षण पुढे चालू ठेवता येतं. त्यावर इयत्ता असतेच. पाठीमागे वाचनाचा टप्पा आणि आपला फोन नंबर पेनाने लिहा. पत्रकाचा फोटो काढून ठेवा. मूळ कागद पालावरच्या पहिल्याच पावसात भिजतो.