क्विकशिफ्टर बसवला म्हणून सगळीच वॉरंटी गेली?

प्रश्न : मोटारसायकल घेऊन चौदा महिने झाले. सहा महिन्यांपूर्वी बाहेरून क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणारं उपकरण, बसवून घेतला. आता जोरात पिळली की दुसरा गिअर सटकतो. पुढच्या सस्पेन्शनच्या ऑइल सीलमधून तेलही गळतंय. सर्व्हिस सेंटर म्हणतं, बाहेरचा पार्ट लावला, त्यामुळे पूर्ण वॉरंटी रद्द. अमेरिकेत कंपनीला असं करता येत नाही, असं वाचलं. शिफ्टर काढून गाडी पुन्हा नेऊ का?

उत्तर : तुमच्या एका तक्रारीत दोन भांडणं आहेत. आधी ती वेगळी करा.

ऑइल सीलचं सोपं आहे. शिफ्टर बसतो गिअर लिव्हरच्या रॉडवर आणि त्याची वायर जाते इग्निशन किंवा इंजेक्टरकडे. त्याने पुढचं सील कसं फाटलं, हे कंपनीनेच सांगावं. फक्त सील हा झिजणारा भाग म्हणून वॉरंटीतून वगळलाय का, तेवढं वॉरंटी बुकात पाहून घ्या.

गिअरचं मात्र खरं सांगतो, तुमची बाजू तितकी भक्कम नाही. क्विकशिफ्टर काही मिलिसेकंद इंजिनची ताकद तोडतो. तेवढ्यात गिअरच्या बाजूच्या जाड दातांवरचा, म्हणजे डॉगवरचा, ताण सुटतो आणि पुढचा गिअर पडतो. ही वेळ कमी ठेवली किंवा रॉडची लांबी चुकली, तर डॉग अर्धेच अडकतात, हळूहळू त्यांच्या कडा गोल होतात, गिअर सरकवणारा शिफ्ट फोर्कही वाकू शकतो. मग ताकद दिली की गिअर सटकतो. म्हणजे तुमचं लक्षण कंपनीच्या बाजूने बोलतंय. पण कारखान्यातच फोर्क किंवा डॉग सदोष निघाला, तरी गिअर असाच सटकतो. खरं काय ते गिअरबॉक्स उघडल्यावरच कळेल.

म्हणून तुमच्या गैरहजेरीत तो उघडू देऊ नका. उघडताना व्हिडिओ काढा, निघालेले गिअर आणि फोर्क जपून ठेवायला लेखी सांगा. झीज फक्त दुसऱ्याच गिअरला आहे की सगळ्यांना, हे नोंदवून घ्या. पुढे उलटतपासणीत हा प्रश्न फार कामाला येतो. जॉबकार्डवर ‘बाहेरच्या पार्टमुळे नुकसान, ग्राहकाला मान्य’ असलं काही लिहिलं असेल, तर सही करू नका. वॉरंटी नेमक्या कोणत्या अटीखाली नाकारली, तेही लेखी मागा.

तुम्ही वाचलेला अमेरिकेतला वॉरंटीचा कायदा, १९७५ चा मॅग्नुसन-मॉस, इथे चालत नाही. आणि बाहेरच्या पार्टनेच नुकसान झालं असेल, तर तोही ग्राहकाला वाचवत नाही. आपल्याकडे जवळचा आधार म्हणजे स्पर्धा आयोगाचा २०१४ चा आदेश : बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. तो कार कंपन्यांविरुद्ध होता, त्यावर पुढे अपिलंही झाली. त्यामुळे त्याच्या जिवावर खटला उभा करू नका, युक्तिवादात तेवढा वापरा.

खरं हत्यार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. गिअरबॉक्ससाठी तसा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. शिफ्टर विकणारा आणि बसवणारा, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. सेटिंग चुकलेलं निघालं तर भरपाई त्यांच्याकडून मागता येईल, नाहीतर कंपनी त्यांच्याकडे बोट दाखवेल आणि ते हजरच नसतील. मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. ईमेलवर ईमेल करत बसल्याने ती वाढत नाही.

राहिला शिफ्टर काढण्याचा प्रश्न. काढू नका. वायरिंगला मारलेला जोड दिसतो, रॉडवर खुणा राहतात आणि सर्व्हिस सेंटरने तो एकदा पाहिलेला आहे. लपवल्याचं उघड झालं, तर ऑइल सीलबद्दलचं तुमचं खरं म्हणणंही कोणी ऐकणार नाही.