तंबाखूचा बार भरून मॅटवर उतरणाऱ्या कबड्डीच्या चढाईपटूला

बाळा, अनेक आशीर्वाद.

"सर, मी सिगारेट ओढत नाही. मॅचआधी फक्त एक बार भरतो, डोकं शांत राहतं," असं तू परवा म्हणालास. तू खोटं बोलत नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच रागावण्यापेक्षा नीट लिहून कळवावं असं वाटलं.

सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. तो त्रास तुला नाही, मान्य. पण निकोटिन तर येतंच. तंबाखू मळताना तू जो चुना घालतोस, त्याच्यामुळे ते गालातून भराभर रक्तात उतरतं आणि सिगारेटपेक्षा जास्त वेळ तिथे रेंगाळतं. हृदयाचे ठोके मिनिटाला १०-१५ ने वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात.

आता हे आपल्या खेळात मांडून बघ. चढाई ३० सेकंदांची, एका दमाची. हृदय जास्तीत जास्त किती वेगाने धडधडणार हे साधारण वयावर ठरतं, ती मर्यादा बार भरून वाढत नाही. म्हणजे मधली रेषा ओलांडण्याआधीच तू त्यातले १०-१५ ठोके खर्चून बसतोस. दुसऱ्या डावात शेवटची पाच मिनिटं उरली की तू बोनस गुण घ्यायला पुढे सरकत नाहीस, रेषेजवळूनच परत फिरतोस. मी ते बाहेरून पाहतो. सगळा दोष तंबाखूचा नसेल, तुझा पळण्याचा सरावही कमी पडतोय. पण दोन चढायांच्या मधे तुझी धाप लवकर बसत नाही, ही गोष्ट मला खटकते. शिवाय उन्हाळ्यातल्या बंदिस्त हॉलमध्ये अंगातली उष्णता कातडीवाटे बाहेर पडावी लागते, आणि तिथल्याच बारीक वाहिन्या निकोटिन आवळून धरतं. मुरगळलेला घोटा, फाटलेला स्नायू भरून यायलाही रक्तच लागतं.

राहिली डोक्याच्या शांतीची गोष्ट. निकोटिनने लक्ष थोडं एकवटतं, हे खरं आहे. म्हणून तर 'वाडा' ही उत्तेजकविरोधी संस्था २०१२ पासून त्याच्यावर नजर ठेवून आहे, बंदी मात्र घातलेली नाही. पण रोज भरणाऱ्याचं निराळं असतं. निकोटिन दोनेक तासांत रक्तातून निम्म्यावर येतं, मग हात अस्वस्थ होतात, चीड येते. तू बार भरतोस आणि ती अस्वस्थता जाते. सावकाराने तुझेच पैसे तुला व्याजाने द्यावेत आणि तू त्याला दाता म्हणावंस, तसा हा प्रकार आहे.

सुपारी-तंबाखूचा मावा तर अजिबात नको. त्यातल्या सुपारीने गालाच्या आतला भाग कडक होत जातो, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. आज आरशासमोर उभा राहा आणि तीन बोटं उभी तोंडात जातात का बघ. जात नसतील तर थेट दंतवैद्याकडे जा, माझी वाट बघू नकोस.

सोडायला हाच मोसम चांगला. पाऊस आहे, स्पर्धा दिवाळीनंतर. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण जातात, मग तीन-चार आठवड्यांत तलफ बरीच ओसरते. झोप बिघडेल, भूक वाढेल, सरावात मन लागणार नाही. त्या दिवसांत तू कसा खेळतोस हे मी मोजणार नाही. डॉक्टरांना विचारून निकोटिनचा च्युइंगम घेता येतो. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशकही बोलतात, लाजू नकोस. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिही. आकडा खाली येताना तुझा तुलाच दिसेल.

एक राहिलं. तुझ्या आईला मी काही बोललो नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. पण पहिल्या दिवसांतली चिडचिड घरच्यांवरच निघणार, तेव्हा आधी सांगून ठेवलेलं बरं.

तुझे सर