गाडी थंड असताना आणा

थंडी पडली की माझ्याकडं एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत येतो: सुरू करताना गाडी मोठ्यानं वाजते, काय करू? त्यातले निम्मे लोक वीस किलोमीटर गाडी चालवत गॅरेजला येतात आणि म्हणतात, "आता नाही वाजत, पण सकाळी लई वाजली." गरम इंजिनात तो आवाज सापडत नसतो. रात्रीच गाडी लावून जा, सकाळचा पहिला सेल्फ मेस्त्रीला मारू द्या. ते जमत नसेल तर बॉनेट उघडून, पहिल्या सेल्फपासून मिनिटभर मोबाइलवर रेकॉर्ड करा. आलेल्या प्रश्नांपैकी काही घेतो.

चावी फिरवली की नुसतं कटकट वाजतं, मीटरचे लाइट मंद होतात. इंजिन गेलं का? (हिंगोली)

बॅटरी. टर्मिनलवरचा पांढरा थर साफ करा, नट आवळा आणि लोडवर तपासल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका.

पेट्रोल गाडी, ७० हजार किलोमीटर. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड, मग शांत. मेस्त्री म्हणतात थंडीचं आहे, मित्र म्हणतो इथेनॉलच्या पेट्रोलमुळं. ऑइल-फिल्टर मागच्याच महिन्यात हायवेवरच्या एका दुकानात बदलले. (परभणी)

परभणीत थंडी पडते हे मान्य, पण चांगलं इंजिन थंडीनं असं खडखडत नाही. आणि इथेनॉलचं म्हणाल, तर उसाच्या पट्ट्यात राहून आपण प्रत्येक आवाजाचं खापर उसावरच फोडायला लागलोय. तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य शेवटचं आहे.

गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. पण फिल्टरमधलं ऑइल उतरू नये म्हणून त्यात एक रबरी पडदा असतो. इंजिन बंद झालं की तो भोकांवर बसतो आणि ऑइल अडवून धरतो. सकाळी सेल्फ मारला की फिल्टर भरलेलाच असतो, दाब लगेच तयार होतो. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी-मिटणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. ती ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच गाड्यांत याच दाबावर चालतो. पडदा कडक झाला, तर पंप आधी रिकामा फिल्टर भरत बसतो, आणि तोवर सैल चेन आत आपटत राहते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेल्या गाड्यांत हे जास्त होतं.

माझ्या टेबलावर दोन फिल्टर पत्रा कापून ठेवलेत. एक अस्सल, एक डुप्लिकेट. बाहेरून रंग तोच, स्टिकर तेच, चमकणारा होलोग्रामसुद्धा तसाच. अस्सलमधलं रबर नखानं दाबलं की दबतं आणि परत जागेवर येतं. डुप्लिकेटमधलं दबतच नाही. वाकवलं तर कडेला चिरतं. "दोनशे रुपये वाचले" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात मी दोन्ही देतो आणि गप्प बसतो.

दुसरी चलाखी यानंतर सुरू होते. तुम्ही खडखडीची तक्रार घेऊन गेलात की दुकानदार जाड ऑइल सुचवतो, किंवा "इंजिन मऊ करणारी" बाटली पुढं करतो. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू३० लिहिलं असेल तर तेच घाला. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. तिथं २०डब्ल्यू५० भरलं तर सकाळी ते वर पोचायला आणखी उशीर. गरम झाल्यावर आवाज दबलेला वाटेल, झीज मात्र चालूच.

आता करायचं काय? गाडी सपाट जागी लावून ऑइलची कांडी बघा. मग अस्सल फिल्टर बसवा, बिल घेऊन. चार-पाच दिवस सकाळी ऐका. आवाज राहिलाच तर चेन आणि टेन्शनर उघडून बघावे लागतील. ते जाणत्या मेस्त्रीकडूनच, आणि पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न बघता. चेन दात सोडून सरकली तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हला धडकतो. ऑइलचा लाल दिवा इंजिन सुरू झाल्यावरही विझत नसेल तर तिथंच बंद करा आणि गाडी टोचन करून आणा, चालवत नको.

सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर इंजिन जोरात घुमतं, काटा १,५०० वर, मग आपोआप खाली येतो. (नांदेड)

थंड इंजिन तसंच चालतं. काही करू नका.

डिझेल गाडी, १२ वर्षांची. सकाळी ठकठक आणि पांढरा धूर. शेजारी म्हणतात जोरात रेस द्या, मोकळी होते. (लातूर)

शेजाऱ्यांना नमस्कार सांगा आणि रेस देऊ नका. ऑइल पोचायच्या आत टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, पळवला तर त्याची बेअरिंग जाते. थंड डिझेल थोडं ठकठकतंच, पण सोबत पांढरा धूर असेल तर पहिला संशय हीटर प्लगवर, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगवर. चावी टाकल्यावर मीटरमधला कॉइलच्या चित्राचा पिवळा दिवा विझेपर्यंत तुम्ही थांबता का, हेही बघा. गरम झाल्यावरही धूर राहिला किंवा कूलंट कमी होत असेल तर प्रकरण वेगळं आहे, लगेच दाखवा.

सेल्फ मारला की कर्रर्र वाजतं, चार वेळा मारल्यावर सुरू होते. चालतंय तोवर चालवू का? (बीड)

नको. सेल्फचं बेंडिक्स, म्हणजे इंजिन फिरवणारं छोटं दातेरी चाक, फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) रिंगचे दात खातंय. इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक जागीच थांबतं, म्हणून दातही तिथलेच झिजतात. चौथ्यांदा सुरू होते कारण रिंग थोडी सरकून चांगले दात समोर येतात. माझ्या एका गिऱ्हाइकानं "कारखाना बंद झाला की बघू" म्हणत अख्खा हंगाम काढला. सुरुवातीला नुसता सेल्फ खोलून भागलं असतं, शेवटी रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागला. याच आठवड्यात दाखवा.

सुरू केल्यावर पुढून फटफट आवाज, दहा मिनिटांत कमी होतो. सायलेन्सरवाला म्हणतो वेल्डिंग मारून देतो. (जालना)

आवाज पुढून येत असेल तर मागच्या सायलेन्सरला वेल्डिंग कशाला? मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपाचं, पॅकिंग फुटलं असेल किंवा स्टड तुटला असेल. लोखंड तापून फुगतं, फट बुजते, आवाज कमी होतो. यात आवाजापेक्षा गॅस वाईट. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. दुरुस्ती होईपर्यंत काचा उघड्या ठेवा, आणि बंद पत्र्याच्या शेडमध्ये गाडी सुरू ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा.

जुनी गाडी बघायला गेलो. मालकानं आम्ही पोचायच्या आधीच सुरू करून ठेवली होती. आवाज छान होता. घेऊ का? (धाराशिव)

न कळवता परत जा, मेस्त्री सोबत घेऊन, सकाळी लवकर. आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या आणि दुसरी गाडी बघा.